दिलेल्या धावांचे मोल

१९६६ च्या बेसबॉल हंगामात लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर सँडी कोफॅक्स याने ३२३ इनिंग टाकल्या आणि त्याच्या खात्यावर ६२ धावा लागल्या. २००० च्या हंगामात बोस्टन रेड सॉक्सच्या पेद्रो मार्तिनेझने २१७ इनिंग टाकल्या, त्याच्या खात्यावर ४२ धावा लागल्या. नऊ इनिंगमागे हिशेब केला तर कोफॅक्सचा आकडा १.७३ आणि मार्तिनेझचा १.७४ येतो. एवढेच पाहिले तर दोघे तोडीस तोड ठरतात, फार तर कोफॅक्स केसभर पुढे. पण १९६६ मध्ये कोफॅक्सच्या नॅशनल लीगच्या सगळ्या पिचरांची मिळून सरासरी ३.६१ होती आणि २००० मध्ये मार्तिनेझच्या अमेरिकन लीगची ४.९१. एकाने धावा रोखल्या त्या धावांच्या दुष्काळात, दुसऱ्याने सुकाळात. पिचरने दिलेल्या धावा लीगच्या सरासरीशी ताडून पाहण्याची रीत हा फरक मोजण्यासाठी निघाली. वरवर ती साध्या भागाकाराची वाटते, पण प्रत्येक पायरीवर काही तरी ठरवावे लागते आणि त्या त्या निर्णयाची किंमतही मोजावी लागते.

मूळ आकडा ईआरए या नावाने ओळखला जातो. पिचरच्या खात्यावर धरलेल्या धावांना नऊने गुणायचे आणि त्याने टाकलेल्या इनिंगने भागायचे. नऊ अशासाठी की बेसबॉलचा पूर्ण सामना नऊ इनिंगचा असतो. क्रिकेटच्या वाचकाला बोलरची सरासरी ठाऊक असते, ती विकेटमागे किती धावा गेल्या हे सांगते. ईआरए एका अर्थी तसाच आहे. बेसबॉलच्या एका इनिंगमध्ये तीन बॅटर बाद व्हावे लागतात, म्हणजे नऊ इनिंग म्हणजे सत्तावीस बाद. इनिंग मोजणे हे आडवळणाने बाद मोजणेच आहे. म्हणूनच एक बॅटर बाद केला की पिचरच्या नावावर एक तृतीयांश इनिंग जमा होते. तक्त्यात छापलेले ३०४.२ हे दशांशात वाचायचे नसते, ते तीनशे चार इनिंग आणि वर दोन बाद असे वाचायचे असते. नवख्याचा हिशेब पहिल्यांदा चुकतो तो बहुधा इथेच.

ही मोजणी क्रिकेटसारखी वाटते याला इतिहासही कारण आहे. बेसबॉलच्या आकडेवारीचा पाया ज्यांनी घातला ते हेन्री चॅडविक जन्माने इंग्रज होते आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या लिहिता लिहिता बेसबॉलकडे वळले. सामन्याचा गोषवारा एका चौकटीत मांडण्याची पद्धत त्यांनी रुळवली. पिचरला नुसत्या जिंकलेल्या-हरलेल्या सामन्यांवरून तोलू नये, हा आग्रहही त्यांचाच. तरी ईआरएला अधिकृत मान्यता मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. नॅशनल लीगने तो १९१२ मध्ये स्वीकारला आणि अमेरिकन लीगने पुढच्या वर्षी.

ईआरएमध्ये सगळ्या धावा धरल्या जात नाहीत. ज्या धावा क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे झाल्या त्या पिचरच्या माथी मारायच्या नाहीत, असा नियम आहे. नियमाचा हेतू न्यायाचा, पण तो मैदानावर कसा चालतो हे जवळून पाहण्यासारखे आहे. समजा दोन बॅटर बाद झाले आहेत. तिसरा जमिनीवरून चेंडू मारतो, चेंडू सरळ शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षकाकडे जातो आणि त्याच्या पायांतून निसटतो. मैदानाबाहेर बसलेला अधिकृत स्कोअरर ती चूक म्हणून नोंदवतो. पुढचा बॅटर साधा फटका मारून पहिल्या बेसवर पोचतो, त्यापुढचा होम रन ठोकतो, आणि शेवटी पिचर एकाला बाद करून इनिंग संपवतो. फलकावर तीन धावा लागल्या, पण पिचरच्या ईआरएमध्ये एकही नाही, कारण चूक झाली नसती तर इनिंग आधीच आटोपली असती. आता हाच प्रसंग थोडा बदलू. शॉर्टस्टॉप जड पायांचा आहे. चेंडू त्याच्यापासून दोन पावलांवरून जातो आणि तो तिथवर पोचतच नाही. हात न लागलेल्या चेंडूला चूक म्हणत नाहीत. पुढचे सगळे तसेच घडले तरी या वेळी तिन्ही धावा पिचरच्या खात्यावर चढतात. जो चेंडूपर्यंत पोचून चुकला त्याचा दोष पिचरला माफ होतो, आणि जो पोचलाच नाही त्याचा दोष पिचर भरतो. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे चूक खुद्द पिचरच्या हातून झाली तरी तिच्यामुळे आलेल्या धावा ईआरएतून वगळल्या जातात.

या कारणाने जाणकारांचा एक मोठा गट ईआरए बाजूला ठेवून दिलेल्या सर्व धावा मोजतो. जमिनीवरून फटके मारायला लावणाऱ्या पिचरच्या मागे चुका जास्त होतात आणि त्या त्याच्या शैलीतूनच उद्भवतात. त्या पुसून टाकल्या तर त्याची खरी कुवत दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. हे म्हणणे वजनदार आहे. जुन्या काळाबद्दल तर त्याला पर्यायच नाही, कारण तेव्हाचे हातमोजे लहान, मैदाने खडबडीत आणि चुका भरपूर होत्या. १९१३ मध्ये वॉल्टर जॉन्सनने ५६ धावा दिल्या, त्यांतल्या ४४ च ईआरएत धरल्या गेल्या. मार्तिनेझच्या २००० च्या हंगामात सगळ्या धावा ४४ आणि धरलेल्या ४२. दोन काळांमधली ही तफावत पाहिली की निव्वळ ईआरएवर विसंबून शंभर वर्षांची तुलना करणे किती निसरडे आहे ते कळते. तरीही ईआरए टिकून आहे, कारण तो सर्वांना समजतो. लीगच्या सरासरीशी ताडण्याच्या रीतीचे बरे असे की दोन्हीपैकी कोणताही आकडा घेतला तरी ती चालते. फक्त पिचरचा आणि लीगचा आकडा एकाच जातीचा असला पाहिजे.

लीगची सरासरी काढताना एक खबरदारी घ्यावी लागते. प्रत्येक पिचरचा ईआरए घेऊन त्यांची सरासरी काढायची नसते. तसे केले तर दोन इनिंग टाकून सहा धावा देणारा पोरगा आणि तीनशे इनिंग टाकणारा आधारस्तंभ सारख्याच वजनाचे ठरतील. लीगमधल्या सगळ्यांच्या धावा एकत्र करायच्या, सगळ्यांच्या इनिंग एकत्र करायच्या, आणि मग एकदाच भागायचे.

ही सरासरी स्थिर कधीच राहिली नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत एकच चेंडू मळून, मऊ पडून जाईपर्यंत वापरला जाई, पिचर त्यावर थुंकी लावून तो फसवा करीत, आणि होम रन ही अपूर्वाई होती. १९२० मध्ये थुंकीच्या चेंडूवर बंदी आली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये डोक्याला चेंडू लागून क्लीव्हलँडच्या रे चॅपमनचा मृत्यू झाला आणि मळका चेंडू वेळच्या वेळी बदलण्याकडे कटाक्षाने पाहिले जाऊ लागले. होम रनचे, म्हणजे बेब रूथचे, युग तिथून सुरू झाले. १९३० मध्ये तर नॅशनल लीगच्या सगळ्या बॅटरांची सरासरी .३०३ वर गेली आणि पिचरांचा ईआरए ४.९७ झाला. त्या वर्षी ब्रुकलिनच्या डॅझी व्हान्सने २.६१ चा ईआरए राखला. दुसऱ्या क्रमांकावर कार्ल हबेल होता, ३.८७ वर. व्हान्सचा २.६१ हा आकडा १९६८ च्या तक्त्यात टाकला तर तो कुणाच्या डोळ्यांतही भरणार नाही. १९३० च्या आगीत तो असामान्य होता.

१९६८ हे दुसरे टोक. त्या वर्षी दोन्ही लीग मिळून एका संघाला एका सामन्यात सरासरी ३.४२ धावा मिळाल्या. सात पिचरांचा ईआरए दोनच्या खाली राहिला. अमेरिकन लीगमध्ये बॅटिंगचा पहिला क्रमांक कार्ल यास्त्रेम्स्कीने अवघ्या .३०१ वर पटकावला. आणि सेंट लुईस कार्डिनल्सच्या बॉब गिब्सनने ३०४ इनिंग आणि दोन बाद एवढ्या कामात फक्त ३८ धावा आपल्या खात्यावर घेतल्या. ईआरए १.१२. तेरा सामन्यांत त्याने प्रतिस्पर्ध्याला एकही धाव करू दिली नाही, आणि तरीही तो नऊ सामने हरला. धावा सगळीकडेच आटल्या होत्या, तशा त्याच्या स्वतःच्या संघाच्याही आटल्या होत्या. जिंकलेल्या-हरलेल्या सामन्यांवरून पिचरची पारख करणे किती अन्यायाचे असते हे त्या नऊ पराभवांइतके दुसरे काही सांगत नाही. पुढच्या वर्षी पिचरचा उंचवटा पंधरा इंचांवरून दहा इंचांवर आणला गेला आणि स्ट्राइकचा पट्टाही आक्रसला. १९७३ मध्ये अमेरिकन लीगने पिचरऐवजी बॅटिंग करायला वेगळा खेळाडू देण्याची मुभा दिली. नॅशनल लीग त्यापासून दूर राहिली आणि २०२२ मध्ये कायमची त्या वाटेला आली. मधल्या काळात दोन लीगच्या सरासऱ्यांमध्ये अंतर पडत गेले, म्हणून तुलना त्या वर्षाशी आणि त्याच लीगशी करायची असा दंडक झाला.

महाराष्ट्रातल्या क्रिकेटप्रेमींना असा विचार नवा नाही. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत बापू नाडकर्णींनी इंग्लंडविरुद्ध ३२ षटके टाकली, त्यांतली २७ निर्धाव, आणि धावा दिल्या पाच. हा आकडा सांगणारा माणूस लगेच खेळपट्टी कशी होती, त्या काळी कसोटीत धावा कोणत्या गतीने निघत, हेही सांगू लागतो. बेसबॉलच्या अभ्यासकांनी या सहज विचाराला गणिताची शिस्त लावली.

ही शिस्त लावण्यात पीट पामर यांचे नाव आधी घ्यावे लागते. जॉन थॉर्न यांच्याबरोबर १९८४ मध्ये त्यांनी लिहिलेल्या ‘द हिडन गेम ऑफ बेसबॉल’ या पुस्तकाने वर्ष आणि मैदान लक्षात घेऊन आकडे दुरुस्त करण्याची पद्धत सर्वसामान्य वाचकापुढे ठेवली. आज सर्वाधिक चालणारा आकडा ईआरए प्लस हा आहे. लीगच्या सरासरीला पिचरच्या ईआरएने भागायचे, शंभराने गुणायचे आणि मैदानाची दुरुस्ती करायची. शंभर म्हणजे अगदी सरासरी पिचर. शंभराच्या वर जावे तितका तो चांगला.

मैदानाची दुरुस्ती ही त्यातली नाजूक बाब. क्रिकेटच्या मैदानाप्रमाणेच बेसबॉलच्या मैदानालाही ठरलेली सीमा नसते, भिंती कुठे जवळ, कुठे दूर, कुठे उंच असतात. बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डाव्या बाजूला ३७ फूट उंचीची भिंत बॅटरच्या अगदी पुढ्यात उभी आहे. इतरत्र सहज झेलला गेला असता असा चेंडू तिच्यावर आदळून खाली येतो. डेनव्हरचे कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ, त्यामुळे मारलेला चेंडू लांब जातो आणि पिचरचा वळणारा चेंडू नीट वळत नाही. कोरड्या हवेत चेंडू टणक होतात म्हणून २००२ पासून ते तिथे आर्द्रता राखलेल्या खोलीत ठेवले जातात. मैदानाचा असा प्रभाव मोजायला संघाच्या घरच्या सामन्यांत दोन्ही बाजूंनी मिळून झालेल्या धावा त्याच संघाच्या बाहेरच्या सामन्यांतल्या धावांशी ताडतात. समजा घरी वीस टक्के जास्त धावा झाल्या. पण पिचर अर्धेच सामने घरी खेळतो, म्हणून दुरुस्ती दहा टक्क्यांची. लीगची सरासरी ४.५० असेल तर त्या मैदानाच्या पिचरला ४.९५ शी ताडायचे. एका वर्षाचा हवामानाचा किंवा नशिबाचा उतार-चढाव शिरू नये म्हणून सहसा तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र घेतात.

आता सुरुवातीची जोडी पुन्हा पाहता येते. कोफॅक्सचा हिशेब मैदानाशिवाय २०९ येतो. पण डॉजर स्टेडियममध्ये त्या काळी धावा निघणे कठीण होते, म्हणून दुरुस्तीनंतर तो १९० वर उतरतो. मार्तिनेझचा २८२ येतो, आणि फेनवेची दुरुस्ती त्याला २९१ वर चढवते. गिब्सनचा १९६८ चा आकडा २५८. विसाव्या शतकात पूर्ण हंगाम खेळलेल्या पिचरांमधला सर्वांत कमी ईआरए १९१४ मधला डच लेनर्डचा, ०.९६, पण ईआरए प्लस २७९. म्हणजे जवळजवळ दुप्पट ईआरए असलेला मार्तिनेझ त्याच्याही पुढे. या यादीत मार्तिनेझच्या वर नाव येते ते १८८० च्या टिम कीफचे, २९३ वर. पण कीफने तेव्हा १०५ इनिंगच टाकल्या होत्या, तेही पंचेचाळीस फुटांवरून आणि हात खांद्यावर न नेता. आजचे साठ फूट सहा इंचांचे अंतर १८९३ मध्ये आले. त्याला मार्तिनेझच्या वर ठेवणे नियमाला धरून असले तरी खेळाला धरून नाही.

ईआरए प्लस वाचताना एक फसगत वारंवार होते. दोनशे म्हणजे दुप्पट चांगला, हे ठीक, कारण अशा पिचरने लीगच्या सरासरीच्या निम्म्याच धावा दिल्या. पण दीडशे म्हणजे निम्म्याने कमी धावा नव्हे. एक तृतीयांशाने कमी. शिवाय या आकड्यांची सरळ सरासरी काढता येत नाही. लीगची सरासरी ४.०० असताना एखाद्या पिचरने एका वर्षी २.०० आणि दुसऱ्या वर्षी तेवढ्याच इनिंगमध्ये ४.०० दिले, तर त्याचे दोन आकडे २०० आणि १०० येतात. मधला १५० वाटतो. प्रत्यक्षात दोन वर्षांचा ईआरए ३.०० होतो आणि आकडा १३३. हे टाळण्यासाठी काही जण भागाकार उलटा करतात, पिचरचा ईआरए वर आणि लीगचा खाली. मग पन्नास म्हणजे निम्म्या धावा, सत्तर म्हणजे तीस टक्के कमी, आणि सरासरीही इनिंगचे वजन देऊन सरळ निघते. गणिताच्या दृष्टीने हीच मांडणी जास्त नितळ आहे. तिचे दुर्दैव इतकेच की तिच्यात लहान आकडा मोठेपणाचा असतो.

गुणोत्तरात आणखी एक गोष्ट हरवते, ती म्हणजे काम किती केले. पिचरने सरासरीपेक्षा एकूण किती धावा वाचवल्या हे काढायचे तर दोन ईआरएंची वजाबाकी करून तिला इनिंगने गुणायचे आणि नऊने भागायचे. मैदान बाजूला ठेवले तर मार्तिनेझने २००० मध्ये अशा सुमारे ७६ धावा वाचवल्या आणि कोफॅक्सने १९६६ मध्ये सुमारे ६७. गुणोत्तरात आभाळाएवढे दिसणारे अंतर इथे नऊ धावांवर येते, कारण कोफॅक्सने १०६ इनिंग जास्त टाकल्या. त्यातही दुष्काळातली एक धाव सुकाळातल्या धावेपेक्षा सामना जिंकायला जास्त उपयोगी पडते. तेव्हा मार्तिनेझची प्रत्येक इनिंग जास्त मोलाची होती हे निर्विवाद, पण कोफॅक्सचा हंगाम संघाला कमी उपयोगी पडला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

अधूनमधून येऊन एक-दोन इनिंग टाकणाऱ्या पिचरांना ही रीत झुकते माप देते. ते थोडा वेळ पूर्ण जोर लावतात. ते इनिंगच्या मध्येच आले तर आधीपासून बेसवर असलेल्या खेळाडूंच्या धावा आधीच्या पिचरच्या खात्यावर जातात. मारियानो रिवेराचा कारकिर्दीचा ईआरए प्लस २०५ आहे आणि तो थोर होता यात शंका नाही. पण त्याची तुलना त्याच्यासारखेच काम करणाऱ्यांशी केली तर अंतर थोडे कमी भरते. आणि कुठल्याही पिचरच्या धावांत मागच्या क्षेत्ररक्षकांचा वाटा उरतोच. २००१ मध्ये वोरोस मॅकक्रॅकन यांनी मांडले की मैदानात खेळता चेंडू फटका ठरतो की बाद, यावर पिचरचा ताबा समजतो त्यापेक्षा फार कमी असतो. तेव्हापासून स्ट्राइकआउट, वॉक आणि होम रन एवढ्यांवरच पिचर तोलणारी वेगळी शाखा निघाली. ती पुढे काय होईल याचा अंदाज चांगला देते. काय घडले याची नोंद मात्र दिलेल्या धावांतच राहते.

शेवटचा प्रश्न खुद्द सरासरीचा आहे. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून खेळायला उतरेपर्यंत विसाव्या शतकात दोन्ही बड्या लीगांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना दार बंद ठेवले होते. वॉल्टर जॉन्सनला ज्या सरासरीशी ताडले जाते ती देशातल्या सर्वोत्तम बॅटरांच्या एका मोठ्या गटाला वगळून निघालेली आहे, आणि ही उणीव कोणत्याही दुरुस्तीने भरून निघत नाही. अशाच वगळलेल्यांपैकी एक पिचर, सॅचेल पेज, बेचाळिसाव्या वर्षी, जुलै १९४८ मध्ये, क्लीव्हलँडकडून पहिल्यांदा उतरला आणि उरलेल्या हंगामात त्याने ७२ इनिंग आणि दोन बाद एवढ्यात २.४८ चा ईआरए राखला, तोही लीगची सरासरी चाराच्या वर असताना. १९२० ते १९४८ या काळातल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या सात नीग्रो लीगांना मेजर लीगचा दर्जा डिसेंबर २०२० मध्ये दिला गेला आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे मुख्य नोंदींत आले. त्या लीगांचे हंगाम छोटे होते, आणि संघ पोटासाठी गावोगाव जे असंख्य सामने खेळत ते मोजणीत धरलेले नाहीत. त्यामुळे तिथल्या पिचरच्या शंभर-दीडशे इनिंगला त्याच लीगच्या सरासरीशी ताडावे लागते, आणि ती सरासरीसुद्धा आठ-दहा संघांच्या थोड्याच सामन्यांवर उभी असते.